विद्यार्थी संघाचे जाहीरनामे आणि त्यांचा हिशेब

दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघासाठी २७ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि निकाल लागला तो २५ नोव्हेंबरला. मधल्या दोन महिन्यांत मतदानयंत्रे मोहोरबंद होती. उमेदवारांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी विद्रूप केलेल्या सार्वजनिक भिंती व खांब पूर्ववत स्वच्छ झाल्याखेरीज मतमोजणी करू नये, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. मतांची मोजणी भिंतींच्या रंगसफेदीसाठी अडून राहावी, हा प्रसंग वरवर विनोदी वाटतो खरा. परंतु त्या भिंतींवर काय लिहिलेले होते हे पाहिले म्हणजे विनोद ओसरतो. तेथे उमेदवाराचे नाव होते व त्याचा मतपत्रिकेवरील क्रमांक होता. कारवाई झालीच तर ‘हे नाव आमचे नव्हेच’ असे म्हणता यावे म्हणून नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त घालण्याची चतुराई तेथे फार दिवसांपासून रूढ आहे. उमेदवार निवडून येऊन काय करणार, हे मात्र भिंतीवर शोधूनही सापडले नसते. मतदान झाले सुमारे ३५ टक्के.

ज्या विद्यार्थ्यांनी मत दिले नाही त्यांना बेजबाबदार ठरविणे सोपे आहे. अँथनी डाऊन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली दाखवून दिले की, लाखभर मतदारांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते, आणि म्हणून उमेदवारांची माहिती मिळविण्यासाठी वेळ व श्रम खर्च न करणे हे मतदाराच्या दृष्टीने व्यवहारी शहाणपणच ठरते. प्रश्न मतदाराच्या नीतीचा जितका आहे, त्याहून अधिक माहितीच्या किमतीचा आहे. दिल्लीतच असलेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ही किंमत कमी करण्याची एक जुनी रीत आहे. मतदानाच्या आदल्या दिवसांत अध्यक्षपदाचे सर्व उमेदवार एका व्यासपीठावर येतात, भाषणे करतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. निवडणूक चालविणारी समितीही विद्यार्थ्यांचीच असते. तेथे मार्च २०२४ मध्ये सुमारे ७३ टक्के मतदान झाले. विद्यापीठ लहान, विद्यार्थी बहुतांशी वसतिगृहात राहणारे, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे. तरीही एका रात्रीत सर्व उमेदवार ऐकायला मिळतात, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ऐकल्यावर पारख कशी करावी? दिल्लीच्या विद्यार्थी निवडणुकांत पुनःपुन्हा येणारे एक आश्वासन घेऊ: मेट्रोचा सवलतीचा पास. रोज दूरच्या उपनगरांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवासखर्चाचा भार किती जाणवतो हे सांगायला नको. पण दिल्ली मेट्रो ही केंद्र सरकार व दिल्ली सरकार यांच्या समान भांडवलाची कंपनी आहे. तिचे भाडे कायद्यान्वये नेमलेली भाडेनिश्चिती समिती ठरविते. अशा समितीच्या शिफारशीनुसार २०१७ साली दोनदा भाडेवाढ झाली, तेव्हा दिल्ली सरकारचा विरोधही ती थोपवू शकला नाही. जे राज्य सरकारला साधले नाही ते ‘आम्ही देऊ’ असे विद्यार्थी संघाचा उमेदवार म्हणतो, तेव्हा तो वचन देत नसून मागणी वचनाच्या भाषेत मांडीत असतो. मागणी करणे गैर नाही. संघ त्यासाठीच असतो. मात्र मागणी कोणाकडे करणार, कोणत्या मार्गाने करणार आणि सवलतीमुळे येणारी तूट तिकीट काढणाऱ्या इतर प्रवाशांवर पडणार की सरकारी तिजोरीवर, हे त्याने सांगावयास हवे. याउलट ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवण्याची मागणी किरकोळ वाटते, पण ती विद्यापीठाच्या अधिकारातली असते. पहारेकरी, वीज व एक जादा कर्मचारी एवढा तिचा खर्च अजमावता येतो, आणि वर्षअखेरीस ती पुरी झाली की नाही हे कुलूप पाहूनही कळते.

जेथे खर्चाचा प्रश्न खरोखर जिव्हाळ्याचा होता असे उदाहरण २०१९ मधले आहे. नेहरू विद्यापीठात वसतिगृहाच्या खोलीचे भाडे एका विद्यार्थ्याच्या खोलीस महिना २० रुपये व दोघांच्या खोलीत प्रत्येकी १० रुपये होते. नव्या नियमावलीच्या मसुद्यात ते अनुक्रमे ६०० व ३०० रुपये झाले आणि शिवाय महिना १,७०० रुपये सेवाशुल्क सुचविण्यात आले. वीज, पाणी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचे वेतन यांचा भार सोसवत नाही, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. वीस रुपये भाडे हास्यास्पद आहे, असे बाहेरचा माणूस म्हणे आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्याच वेळी एम. फिल.च्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना मिळणारी अधिछात्रवृत्ती महिना ५,००० रुपये होती. खोली व सेवाशुल्क मिळून २,३०० रुपये, म्हणजे जेवणाच्या खर्चाआधीच वृत्तीचा जवळजवळ निम्मा भाग जाणार. आंदोलनानंतर दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांना काही सूट मिळाली. या वादात ‘शुल्कवाढ रद्द’ एवढे म्हणणारा उमेदवार आणि ‘भाडे वाढले तरी चालेल, पण भोजनगृहातील कामगारांचे वेतन विद्यार्थ्यांच्या बिलातून नव्हे, अनुदानातून द्यावे’ असे म्हणणारा उमेदवार, यांत दुसऱ्याने टाळ्या कमी घेतल्या असत्या. पण वाटाघाटीच्या टेबलाशी बसण्यास तोच अधिक योग्य.

आणखी एक गोष्ट. त्या वर्षी संघाची निवडणूक सप्टेंबरच्या आरंभीच उरकली होती आणि मसुदा पुढे आला तो ऑक्टोबरात. ज्या प्रश्नाने संघाचे सारे वर्ष खाल्ले, तो मतदारांपुढे नव्हताच. म्हणून कलमांची छाननी करतानाच, अनपेक्षित प्रसंगी हा मनुष्य कसा वागेल, याचाही अंदाज घ्यावा लागतो. आणि तेथे व्यासपीठावरील वादविवादाचा खरा उपयोग होतो. अडचणीच्या प्रश्नावर जो चिडतो तो कुलगुरूंपुढेही चिडणार.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या. त्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि छापील भित्तिपत्रकांना बंदी आहे. हेतू चांगला होता, पण हिशेब करून पाहावा. आठ हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात दर विद्यार्थ्यामागे साठेक पैसे होतात. लाखाहून अधिक मतदारांच्या दिल्ली विद्यापीठात पाच पैसेही नाहीत, आणि साध्या पोस्टकार्डास पन्नास पैसे पडतात. पाळता येणार नाही असा नियम केला की तो न पाळणाऱ्यांचीच चलती होते, आणि प्रामाणिक उमेदवार हाताने रंगविलेला कागद घेऊन उभा राहतो. याच शिफारशींनुसार पदाधिकारी होण्यासाठी विद्यार्थ्याला एकदाच उभे राहता येते. म्हणजे वचन मोडले तरी पुढल्या वर्षी त्याला शिक्षा करण्याची सोय मतदाराकडे नाही. उरते ती त्याला उभी करणारी संघटना. तेव्हा नव्या जाहीरनाम्याशेजारी त्याच संघटनेचा गेल्या वर्षीचा जाहीरनामा ठेवून वाचला पाहिजे. तीच कलमे नव्या तारखेने छापलेली दिसली तर कारण विचारले पाहिजे. निकालानंतर दोन आठवड्यांत उमेदवाराने लेखापरीक्षित हिशेब सादर करावा, अशीही तरतूद आहे. तो हिशेब मागून पाहणारे विद्यार्थी मात्र विरळाच.

महाराष्ट्रात हा विचार अजून पुस्तकी वाटेल. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. परीक्षेतील गुण हीच प्रतिनिधित्वाची पात्रता ठरल्यावर जाहीरनाम्याचे कारणच उरले नाही. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांचा मार्ग पुन्हा मोकळा केला, परंतु २०१९ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि मग महासाथ आली. आज महाविद्यालयांत शिकविणाऱ्या चाळिशीच्या आतबाहेरच्या प्राध्यापकांपैकी जे याच राज्यात शिकले, त्यांतील बहुतेकांनी विद्यार्थी म्हणून अशा निवडणुकीत कधी मत दिलेले नाही. त्यांच्या वर्गातला मुलगा उद्या उमेदवारांची पत्रके घेऊन त्यांच्याकडे आला आणि ‘सर, यांतले काय खरे?’ असे विचारू लागला, तर गुरू आणि शिष्य दोघांनाही आरंभापासूनच धडा गिरवावा लागेल.