उच्चशक्ती लेसर स्पंदांच्या मोजमापातील सांख्यिकीय पद्धती

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. जी. रवींद्र कुमार यांना अतितीव्र लेसर व पदार्थ यांच्या आंतरक्रियेवरील संशोधनासाठी 2015 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. अशा प्रयोगांतील स्पंद सुमारे 25 फेम्टोसेकंदांचे असतात. तेवढ्या काळात 1 ज्यूल ऊर्जा सामावल्यास शक्ती 40 टेरावॅट होते. इतका अल्प काळ कोणत्याही इलेक्ट्रॉनिक शोधकास टिपता येत नाही. म्हणून स्पंदाची तुलना त्याच्याच प्रतिकृतीशी करतात. या स्वसहसंबंध पद्धतीत मिळणारी रुंदी स्पंदाची नसते. स्पंदाचा आकार गॉसियन मानल्यास तिला 1.41 ने, सेक-वर्ग मानल्यास 1.54 ने भागावे लागते. गृहीतक न नोंदविता दिलेला कालावधी जवळजवळ निरर्थकच होय.

शलाकेचा व्यास म्हणून तीव्रता-वितरणाच्या प्रमाण विचलनाची चौपट घेतात. खरी अडचण येथेच आहे. दूरच्या बिंदूंना अंतराच्या वर्गाचा भार मिळत असल्याने पार्श्वभूमीतील क्षीण गोंगाटही व्यास फुगवितो. व्यासातील 10 टक्के त्रुटीमुळे तीव्रतेत सुमारे 20 टक्के फरक पडतो.

सरासरीही फसवी ठरू शकते. स्पंद परस्परांहून भिन्न असल्यास सरासरी आलेखात रुंद पायावर अरुंद शिखर उमटते. त्यालाच कालावधी समजल्यास तीव्रता अवास्तव मोठी दिसते. यास्तव स्पंदागणिक नोंद घेऊन मध्यासोबत प्रमाण विचलनही देणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी वजा करण्याची रीत मात्र केमसारख्या गावातील पदवी प्रयोगशाळेतही हीलियम-निऑन लेसर व वेब कॅमेरा वापरून शिकविता येते. कॅमेऱ्यापुढे तीव्रता घटविणारी काच तेवढी ठेवावी.