‘कबूल’चे क्रियापद : एक संमिश्र घडण

‘कबुलणे’ या क्रियापदाची फोड केली असता धातू सेमिटिक कुळातील आणि प्रत्यय मराठी, अशी जोड आढळते. क-ब-ल या अरबी व्यंजनत्रयीपासून झालेले ‘कबूल’ फारसीमार्गे मराठीत आले. ‘-णे’ जडताच ‘कबुलतो, कबुलला, कबुलून’ अशी रूपे देशी धातूसारखी चालू लागली. ‘बदलणे’, ‘खर्चणे’ यांची घडण अशीच आहे. अधिक रूढ झाला तो मात्र दुसरा मार्ग, ‘कबूल करणे’. येथे परके पद अविकारी राहते व काळ-पुरुषाचा भार ‘करणे’ वाहते. फारसीतील ‘कबूल कर्दन’ याच धाटणीचे आहे.

पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश या जर्मनकुलीन भाषेत हे दोन्ही मार्ग दिसतात. ‘हार्गेनेन’ (ठार मारणे) यात हिब्रू धातूला जर्मन प्रत्यय लागतो. त्याचे भूतकृदंत ‘गेहार्गेट’ तर मागून-पुढून जर्मनच. याउलट ‘मेकाबल झाइन’ (स्वीकारणे) यात हिब्रू कृदंत तसेच राहते आणि ‘झाइन’ म्हणजे ‘असणे’ चालवले जाते. विशेष म्हणजे ‘मेकाबल’ आणि ‘कबूल’ यांचे मूळ सेमिटिक धातू एकच आहे.

मराठीत साहाय्यक क्रियापद बदलले की कर्त्याचे स्थान बदलते. ‘मला कबूल आहे’ यात तो अनुभव घेणारा, ‘मी कबूल केले’ यात कृती करणारा. ‘त्याच्याकडून कबूल करवून घेतले’ यात कर्तेपण दुसऱ्याकडे जाते आणि कबूल करणारा ‘कडून’च्या आड उरतो. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे.

जव्हार हे 1948 पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. मोखाडा ब्रिटिश अंमलात शहापूर तालुक्याचा पेटा होता. राज्ये दोन, पण रयतेने लिहून द्यावयाच्या करारनाम्याला महसुली मराठीत शब्द एकच : ‘कबुलायत’. आजही भातकापणीनंतर या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्यासाठी घेतलेल्या उचलीला ‘बयाणा’ म्हणतात; हा शब्दही अरबी ‘बैअ’ (विक्री) याच्याशी जोडलेला. बयाणा हाती पडला की हंगामभराची मजुरी ‘कबूल केली’ असे धरले जाते. फिटले किती आणि उरले किती, हा हिशोब बहुधा मालकाच्या वहीत असतो.

1976 च्या केंद्रीय कायद्याने अशा बंधनाचा करार, तोंडी असो वा लेखी, रद्दबातल ठरवला. त्या पद्धतीचे मराठी नाव ‘वेठबिगार’ हेही जोडनामच : ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टी’पासून, ‘बिगार’ फारसी ‘बेगार’पासून, अर्थ दोहोंचा जवळपास एकच. कायद्यापुढे अशा मजुराचे ‘मी कबूल केले’ हे वाक्य पुरेसे ठरत नाही; त्यामागे ‘करवून घेतले’ दडले आहे काय, हे तपासावे लागते.