लंडनमधली मोठमोठी म्युझियम्स फुकट का आहेत? आणि परदेशी पर्यटकांना तिकीट लावायची चर्चा का होतेय?

लंडन म्हणजे खिशाला कात्री. हॉटेल, ट्यूबचं भाडं, साधी कॉफी, कशाचेही पाउंडांचे रुपये करून पाहिले की पोटात गोळा येतो. पण याच शहरात व्हॅन गॉगची ‘सूर्यफुलं’, इजिप्तच्या ममी, २५ मीटर लांबीच्या देवमाशाचा सांगाडा आणि टिपू सुलतानचा लाकडी वाघ पाहायला एक रुपयाही लागत नाही.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम (म्हणजे व्ही अँड ए), नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न या सगळ्यांचा कायमस्वरूपी संग्रह मोफत पाहता येतो. हे कसं काय परवडतं?

सुरुवात कुठून झाली?

हान्स स्लोन नावाच्या डॉक्टरनं आयुष्यभर पुस्तकं, नाणी, वनस्पती असं काय काय जमवलं होतं. १७५३ मध्ये त्याचं निधन झालं आणि ब्रिटनच्या संसदेनं त्याच्या वारसांना २० हजार पाउंड देऊन हा संग्रह घेतला. पैसे उभे केले लॉटरी काढून. १७५९ मध्ये ब्रिटिश म्युझियम लोकांसाठी उघडलं. प्रवेश फुकट होता, पण आधी लेखी अर्ज करावा लागायचा. त्यामुळे सुरुवातीला तिथं सामान्य माणूस फारसा पोहोचत नव्हता.

१८२४ मध्ये सुरू झालेली नॅशनल गॅलरी पुढे ट्रॅफल्गर स्क्वेअरला आली. जागा निवडण्यामागचा विचार असा होता, की पश्चिमेकडचे श्रीमंत बग्गीतून येतील आणि पूर्वेकडचे गरीब पायी येऊ शकतील.

मध्येच तिकीट लागलं होतं

१९७४ च्या सुरुवातीला सरकारनं राष्ट्रीय म्युझियम्सना तिकीट लावलं. सत्ताबदल झाला आणि तीनच महिन्यांत ते रद्द झालं. पण ऐंशीच्या दशकात सरकारी अनुदानाची ओढाताण सुरू झाली. १९८५ मध्ये व्ही अँड ए नं दारात ‘ऐच्छिक’ देणगी मागायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये नॅचरल हिस्ट्री म्युझियमनं थेट तिकीट लावलं. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी मात्र फुकटच राहिल्या.

यात कराचीही एक गंमत होती. आपल्याकडे जीएसटीत इनपुट क्रेडिट असतं, तसंच काहीसं. तिकीट लावणाऱ्या म्युझियमला खर्चावर भरलेला व्हॅट परत मिळायचा, फुकट प्रवेश देणाऱ्याला मिळायचा नाही. म्हणजे लोकांना फुकट आत सोडणं म्युझियमलाच महागात पडायचं. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि १ डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय म्युझियम्स पुन्हा मोफत झाली. पुढच्या दहा वर्षांत, आधी तिकीट असलेल्या म्युझियम्सची गर्दी दुपटीहून जास्त वाढली.

मग पैसे कोण देतं?

मुख्यतः ब्रिटनचे करदाते. सरकार दरवर्षी अनुदान देतं. बाकीचा खर्च विशेष प्रदर्शनांची तिकिटं, दुकानं, कॅफे आणि देणग्यांमधून निघतो.

वादाची ठिणगी इथंच पडते. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे माजी हंगामी संचालक मार्क जोन्स यांनी परदेशी पर्यटकांकडून २० पाउंड घ्यावेत, असं सुचवलं. ‘कर आमचा, मग पाहुण्यांना फुकट का?’ असा हा युक्तिवाद. भारतीयांना तो नवा नाही. अजिंठ्याला परदेशी पर्यटकाला भारतीयापेक्षा कित्येक पट महाग तिकीट काढावं लागतं.

पण दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. या म्युझियम्समधल्या असंख्य वस्तू ब्रिटनच्या नाहीतच. रोझेटा शिला इजिप्तची, पार्थेनॉनची शिल्पं ग्रीसची, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आंध्र प्रदेशातली. म्हणजे आंध्रच्या माणसानं आपल्याच पूर्वजांची कला पाहायला पाउंड मोजायचे का? ‘आमच्याकडे आहे म्हणून सगळ्या जगाला फुकट पाहता येतं’ हा या वस्तू परत न देण्यामागचा एक जुना युक्तिवाद आहे. तिकीट लागलं, तर तोच लंगडा पडतो. शिवाय ब्रिटनमध्ये नागरिकांना ओळखपत्र सक्तीचं नाही. मग दारात कोण कुठला, हे तपासायचं कसं?

महाराष्ट्रानं या वादाची एक बाजू जवळून पाहिली आहे. साताऱ्यात कंपनीचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून व्ही अँड ए ला मिळालेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. पण तीन वर्षांसाठी, उसनी. ती शिवाजी महाराजांनीच वापरलेली आहेत याचा पुरावा नाही, असं खुद्द म्युझियम सांगतं.

जाणार असाल तर...

• प्रवेश फुकट असला तरी वेबसाइटवरून वेळ बुक करा, रांग वाचते.
• शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्ही अँड ए रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तेव्हा गर्दीही कमी असते.
• सगळं एका दिवसात उरकू नका. तिकीट नाही, त्यामुळे पैसे वसूल करायची घाई नाही. तासभर पाहा, उद्या पुन्हा या.
• कोहिनूर पाहायचा असेल तर टॉवर ऑफ लंडनचं तिकीट काढावं लागतं आणि ते स्वस्त नाही.
• वेस्टमिन्स्टर ॲबीलाही पर्यटकांना तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला पैसे लागत नाहीत.
• १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता टिपून ठेवा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. जाण्याआधी वेळा तपासा.

आणि निघण्याआधी एकदा प्रत्येक म्युझियमची वेबसाइट बघाच. दारावरची ‘मोफत प्रवेश’ ही पाटी याआधीही एकदा उतरली होती.