दुखतं म्हणून नको

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या पुढे गेला की अंगातून निघणाऱ्या वाफा पाळी जाण्याच्या की उन्हाच्या, कळत नाही. मला कळलं ते डिसेंबरात, रात्री गोधडी फेकून उठून बसले तेव्हा.

मी नर्स. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला गल्लीतल्या बायका पहाटेच एका गच्चीवर जमतात. पुरुष नसतात, बोलणं मोकळं होतं. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या हनुवटीवर केस आलेत, कुणाच्या ब्लाउजच्या शिवणीतलं राखीव कापड संपलंय. त्यावर हसून होतं. मग एखादी हळूच म्हणते, "मले आता ते काही नको, माय. सून आली घरात." बाकीच्या माना डोलावतात. मी विचारते, "नको वाटतं, की दुखतं?" बहुतेकींचं दुखणं आधी सुरू झालेलं असतं, नको वाटणं मागाहून.

इस्ट्रोजेन घटलं की योनीचं अस्तर पातळ, कोरडं होतं. संबंधाच्या वेळी आग होते, लघवीला जळजळ होते. वाफा काही वर्षांनी ओसरतात. हा कोरडेपणा उपचाराविना सहसा जात नाही. औषधाच्या दुकानात पाणीयुक्त लुब्रिकंट जेल मिळतं. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं. खोबरेल तेल आपल्याकडे सर्रास लावतात, पण निरोध वापरत असाल तर तेलाने तो फाटू शकतो. आणि सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच ती गेली म्हणायची. तोवर दिवस राहू शकतात. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच तपासणी.

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' मासिकातून उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने तो लढवला डॉ. आंबेडकरांनी. आमच्या बायकांना हे बोलायला अजून गच्ची लागते!

पुरुषांना तर गच्चीही नाही. ओळखीच्या एका लोको पायलटने मला विचारलं, "सिस्टर, बायको माझ्यावर रागावली आहे का?" ड्युटीवरून आला की तो बाहेरच्या खोलीतच झोपायचा. बोलता बोलता कळलं, त्याची साखर वाढलेली, ताठरता कमी झालेली. म्हणजे तोही टाळतच होता. मी दोघांना एकत्रच दवाखान्यात पाठवलं.