शासकीय कर्मचारी संघटना व विधिमंडळ अधिवेशन

राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागण्या मान्य व्हाव्यात म्हणून विधिमंडळाच्या अधिवेशनकाळात केलेला संघटित प्रयत्न. निवेदने, शिष्टमंडळे, मोर्चे, धरणे आणि क्वचित संप ही त्याची बाह्य रूपे होत. परंतु आमदारांमार्फत सभागृहात प्रश्न उपस्थित करविणे आणि मंत्र्यांकडून त्यावर निवेदन मिळविणे, हे त्यामागील खरे उद्दिष्ट असते.

खाजगी कारखान्यातील कामगार मालकाशी वाटाघाटी करून करार करतो. शासकीय कर्मचाऱ्याची स्थिती वेगळी असते. त्याच्या सेवाशर्ती संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खालील कायद्याने वा नियमांनी ठरतात आणि शासन त्यांत एकतर्फी बदल करू शकते. सेवेत प्रवेश केल्यानंतर कर्मचाऱ्याचे शासनाशी असलेले नाते कराराचे न राहता दर्जाचे बनते, असे सर्वोच्च न्यायालयाने रोशनलाल टंडन खटल्यात (१९६७) स्पष्ट केले. शिवाय वेतन व निवृत्तिवेतन यांवरील खर्चास विधिमंडळाची मंजुरी लागते. त्यामुळे कर्मचाऱ्यांचा ‘मालक’ मंत्रालयात बसत असला, तरी त्याची थैली विधानभवनात उघडते.

दुसऱ्या बाजूने, कर्मचाऱ्याच्या हालचालींवर बंधने आहेत. संघटना स्थापन करण्याचा हक्क त्याला अनुच्छेद १९ ने दिला आहे आणि शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे कामेश्वर प्रसाद खटल्याने (१९६२) प्रस्थापित केले. मात्र त्याच निकालाने संप हा मूलभूत हक्क नसल्याचेही म्हटले. तमिळनाडू शासनाने २००३ मध्ये लाखाहून अधिक संपकऱ्यांना बडतर्फ केल्यावर झालेल्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे जाऊन कर्मचाऱ्यांना संपाचा कायदेशीर वा नैतिकही अधिकार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. स्वतःच्या बदली-बढतीसाठी वरिष्ठांवर बाहेरचे दडपण आणणे हेही गैरवर्तन ठरते. संघटनेने सर्वांच्या वतीने आमदाराकडे गाऱ्हाणे मांडणे मात्र या निषेधात मोडत नाही, असेच व्यवहारात मानले जाते. या अरुंद वाटेनेच संघटना विधानभवनापर्यंत पोहोचतात.

महाराष्ट्रात विधिमंडळाची सामान्यतः तीन अधिवेशने होतात : मुंबईस अर्थसंकल्पीय व पावसाळी आणि नागपूरला हिवाळी. नागपूर येथे अधिवेशन भरविण्याची प्रथा २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातून आलेली आहे. एरवी मुंबईत विखुरलेले मंत्री व सचिव येथे काही दिवस एका गावात सापडतात. त्यामुळे यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे हा या अधिवेशनाचा जणू नित्य विधीच झाला आहे. मोर्चा पोलिसांच्या अडथळ्यापाशी थांबतो, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ मंत्र्यांच्या भेटीस नेले जाते आणि निवेदनाच्या प्रतीवर पोच घेतली जाते. अनेक मागण्यांचा प्रवास येथेच संपतो.

ज्या मागण्या पुढे जातात, त्या सभागृहाच्या कामकाजात शिरतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पावरील व पुरवणी मागण्यांवरील चर्चा ही त्यांची द्वारे होत. दालनात मंत्र्याने दिलेला शब्द आणि सभागृहात दिलेला शब्द यांत मोठा फरक आहे. पहिला विसरता येतो. दुसरा कार्यवृत्तात नोंदला जातो आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. अनुभवी कार्यकर्ते म्हणूनच भेटीच्या छायाचित्रापेक्षा निवेदनाच्या शब्दांना अधिक महत्त्व देतात.

विधान परिषदेतील शिक्षक व पदवीधर मतदारसंघ हे आणखी एक साधन. अनुच्छेद १७१ नुसार परिषदेच्या सभासदांपैकी शक्य तितके एक-द्वादशांश शिक्षकांकडून व तितकेच पदवीधरांकडून निवडले जातात. महाराष्ट्रात अशा जागा प्रत्येकी सात आहेत. प्रचारास बंदी असलेला शासकीय कर्मचारी पदवीधर असल्यास येथे मतदार असतो आणि माध्यमिक व त्यावरील शिक्षकांना तर स्वतःचा मतदारसंघच लाभलेला आहे.

राज्यातील कर्मचारी चळवळीत र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप प्रसिद्ध आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता ही त्याची मुख्य मागणी होती. विधिमंडळाच्या आधारे टप्प्याटप्प्याने पुढे सरकलेल्या लढ्याचे उदाहरण म्हणून मात्र जुन्या निवृत्तिवेतनाचे आंदोलन अधिक बोधक ठरते.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे पूर्ण सेवा केलेल्या कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ मिळे; त्यासाठी वेतनातून कपात होत नसे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना हे नियम बंद झाले व अंशदान योजना लागू झाली. कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम भरतो, शासन आपला वाटा घालते, निधी बाजारात गुंतविला जातो. पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत हे खाते वर्ग झाल्यावर निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी घेऊन उरलेल्या रकमेतून वर्षासन खरेदी करावयाचे, असा नियम झाला. हाती किती पडेल हे आधी सांगता येत नाही, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. त्याची झळ सर्वांत आधी लागली ती सेवेत असतानाच मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना : सेवेची वर्षे थोडी, म्हणून खात्यातील शिल्लक तुटपुंजी आणि कुटुंब निवृत्तिवेतन नाही. एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोघांचे वार्धक्य केवळ नियुक्तीच्या दिनांकामुळे भिन्न झाले, ही भावना संघटनांना बळ देणारी ठरली.

राजस्थान व छत्तीसगढ यांनी २०२२ च्या अर्थसंकल्पात जुनी योजना परत आणण्याचे जाहीर केल्यावर महाराष्ट्रातही मागणीस जोर आला. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ती सभागृहात स्पष्टपणे नाकारली. १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडून राज्य दिवाळखोरीत जाईल, असे कारण त्यांनी दिले. हा आक्षेप निराधार नव्हता. वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांखाली महसुलाचा मोठा भाग आधीच बांधला गेला होता. परंतु लगेच पुढील महिन्यात शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या पाच जागांची निवडणूक आली व हा प्रश्न प्रचाराच्या मध्यभागी आला. शासनाची भाषा मवाळ झाली. फेब्रुवारी २०२३ च्या निकालात नागपूर शिक्षक व अमरावती पदवीधर या जागा सत्ताधारी पक्षाने गमावल्या.

अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू असतानाच, १४ मार्च २०२३ पासून समन्वय समितीने बेमुदत संप पुकारला. निमसरकारी कर्मचारी व शिक्षक धरून सु. १७ लाख जण त्यात असल्याचे संघटनांचे म्हणणे होते. रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असल्याने पालकांची चिंता वाढली. लोकमत संघटनांच्या बाजूने निखळ नव्हते. त्याच दिवशी विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचे विधेयक संमत केले आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अभ्यास समितीही घोषित केली. एका हाती दंड व दुसऱ्या हाती वाटाघाट, असे हे चित्र होते. सातव्या दिवशी, २० मार्चला, समितीस तीन महिन्यांची मुदत देऊन संप मागे घेण्यात आला. संपकाळ सेवेतील खंड न मानता रजेत बसविण्यात आला. त्याच महिन्याअखेरच्या शासननिर्णयाने सेवेत मृत्यू पावणाऱ्यांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतन व उपदान मिळण्याचा मार्ग खुला झाला. मूळ मागणीइतकी गाजली नसली, तरी आंदोलनाची सर्वांत मोलाची फलश्रुती हीच म्हणावी लागेल.

तीन महिन्यांची मुदत उलटून गेली. तेव्हा संघटनांनी १४ डिसेंबर २०२३ हा संपाचा दिवस निवडला, म्हणजे पुन्हा नागपूर अधिवेशनाचा काळ. अर्थसंकल्पीय अधिवेशनात अंतिम निर्णय घेऊ, असे मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितल्यावर संप त्याच दिवशी स्थगित झाला. जानेवारी २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीनुसार निवडलेल्या परंतु नंतर रुजू झालेल्या सु. २६,००० कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला. अधिवेशनाच्या अखेरीस, १ मार्च २०२४ रोजी, सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची घोषणा झाली : अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ आणि त्याच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. अंशदान मात्र कायम राहिले. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली व दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. दरमहाची कपात रद्द करून १९८२ चे नियम जसेच्या तसे लागू करावेत, ही संघटनांतील मोठ्या गटाची मागणी त्यानंतरही उरली.