फुकट पास, पण कुणाला?

‘जो आधी येईल त्याला’ ही पास वाटायची सर्वांत सोपी पद्धत. ती रास्त वाटते, पण असते का? ॲपलच्या डेव्हलपर परिषदेची तिकिटं २०१२ साली सुमारे दोन तासांत संपली, २०१३ साली जेमतेम दोन मिनिटांत. तीही फुकट नव्हेत, चांगली १,५९९ डॉलरची! २०१३ची विक्री सुरू झाली कॅलिफोर्नियात सकाळी दहाला. तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा, टोकियोत पहाटेचे दोन. ज्याचं नेट वेगवान, त्याचं फावलं. २०१४ पासून कंपनीने सोडत आणली. मुदतीत कधीही अर्ज करा, मग चिठ्ठ्या.

२०२२ पासून परिषदेचा ॲपल पार्क या मुख्यालयातला छोटेखानी कार्यक्रम विनाशुल्क झाला, आणि तिथेही सोडतच. मात्र चिठ्ठी पडण्याआधी पात्रतेची चाळणी: डेव्हलपर सभासदत्व हवं, किंवा कंपनीच्या विद्यार्थी स्पर्धेतलं यश. विद्यार्थ्यांना गुणवत्तेचं दारही आहे; २०२४ मध्ये ३५० विजेत्यांपैकी ५० जणांना तीन दिवसांसाठी मुख्यालयाच्या गावी, कूपरटिनोला बोलावलं. सभासदत्वाची अट मागच्या तारखेपासूनची असलेली बरी, नाहीतर घोषणा ऐकून रातोरात सभासद होणारे निघतातच.

फुकट पासाची खरी डोकेदुखी म्हणजे नाव नोंदवून न येणारे. खिशातून काही गेलेलं नसतं, त्यामुळे कळवायचेही कष्ट कुणी घेत नाही. म्हणून प्रतीक्षा यादी हवी, आणि ‘येताय ना?’ असं आठवडाभर आधी विचारणारा निरोपही. पास दुसऱ्याच्या नावावर करता आला, की काळाबाजार आलाच. बाकी विमानभाडं आणि व्हिसा ज्याचा त्याने बघायचा. तिथे सोडतीचा काही इलाज चालत नाही.