स्वतःविषयी चार शब्द

मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाने दहावीपर्यंत कोणाकोणाची आत्मवृत्ते लिहिलेली असतात, ते एकदा मोजून पाहावे. फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त, नदीचे आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचे मनोगत, दुष्काळातल्या शेतकऱ्याचे मनोगत, झालेच तर रस्त्याकडेच्या वडाचे. छत्रीला काय वाटते हे आपले चिरंजीव दीडशे शब्दांत झरझर सांगतात. राहून जाते ते एकच आत्मवृत्त, त्यांचे स्वतःचे. ते त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

आणि सतराव्या वर्षी ते अचानक विचारले जाते. परदेशच्या कॉलेजचा अर्ज समोर येतो आणि त्यात गुणपत्रिकेच्या जोडीला एक मागणी असते: तुम्ही कोण आहात ते सांगा. गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवणारा मुलगाही तेथे पेन चावीत बसतो.

मी खडकीतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. इंग्रजीतल्या अर्जाशी मराठीच्या बाईंचा काय संबंध, असे वाचक म्हणतील. पण अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित कॉलेजांच्या मुदती नोव्हेंबरच्या किंवा जानेवारीच्या आरंभी संपतात. त्यामुळे ऐन फराळाच्या दिवसांत ओळखीपाळखीच्या घरांतून कागद माझ्याकडे येतात. "मॅडम, इंग्रजी ठीक आहे हो, पण काहीतरी चुकते आहे, एवढे पाहा," अशी विनंती असते. पाहिल्यावर चुकते ते नेहमी एकच असते. निबंध सुबक असतो, पण त्यात माणूस नसतो.

काय विचारतात?

आधी व्यवहाराचे सांगते. अमेरिकेत शेकडो कॉलेजांसाठी 'कॉमन अ‍ॅप' नावाचा सामाईक अर्ज आहे. त्यातला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. कॅलिफोर्नियाचे सरकारी विद्यापीठ आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे मागते, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत. इंग्लंडची तऱ्हा निराळी. तेथे एकसंध निवेदन लिहावे लागे. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याऐवजी तीन प्रश्न आले आहेत: हाच विषय का, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलेत. तिन्ही मिळून ४००० अक्षरे. म्हणजे अमेरिकेला माणूस पाहायचा असतो, तर इंग्लंडला विद्यार्थी. एकाचा निबंध दुसऱ्याला पाठवून भागत नाही. आपल्याकडेही सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या संस्था निबंध मागतात.

ही रीत काही सोवळी नाही. १९२० च्या सुमारास हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांनी गुणांखेरीज 'चारित्र्य' पाहायला आरंभ केला, त्यामागे परीक्षेत पुढे येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या कमी करण्याचा हेतूही होता. पण आज तीच जागा दूरच्या गावातल्या मुलाला दोन शब्द बोलण्याची संधी देते. ती वाया का घालवावी?

आपली अडचण वेगळीच आहे. अकरावीचा प्रवेश, सीईटी, जेईई, नीट, सगळीकडे आकडा बोलतो. त्यातून आपल्या घरचे वळण असे, की स्वतःविषयी बोलणे म्हणजे आपली पाठ आपणच थोपटणे. त्यामुळे मुले दोनच गोष्टी करतात. एक तर बक्षिसांची यादी देतात, नाही तर "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड" असे लिहून मोकळी होतात.

कल्याणच्या मुलीचा अर्ज

वस्तुतः असा अर्ज कसा लिहावा याचा धडा मराठी मुलीनेच घालून दिला आहे, आणि त्याला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. कल्याणच्या जोश्यांची यमुना, लग्नानंतरची आनंदी गोपाळ जोशी, हिचे चरित्र आपल्याला पाठ असते. पण ती कॉलेजात अर्ज करणारी अठरा वर्षांची उमेदवार होती, हे आपण विसरतो.

पहिले पत्र तिचे नव्हतेच. १८७८ साली गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. पत्नीला शिकवायचे आहे, आपल्यालाही तिकडे नोकरी मिळाल्यास बरे, असा त्याचा आशय. वाइल्डरसाहेबांनी ते आपल्या नियतकालिकात छापले आणि आधी ख्रिस्ती व्हा, असे सुचवले. ते काम तेथेच थांबले असते. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो मजकूर वाचला नि त्यांनी आनंदीशी पत्रव्यवहार सुरू केला. नवऱ्याच्या पत्राने दार किलकिले झाले. ते उघडले ते आनंदीच्या स्वतःच्या पत्रांनी.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून भाषण केले. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत, ते तिने स्वतःच उभे केले. अमेरिकेला का जाता? येथे शिकण्याची सोय नाही का? एकट्या का जाता? परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? संकट आले तर काय कराल? आणि कोणत्याही बाईने जे केले नाही ते तुम्ही का करावे? सहा प्रश्न आणि त्यांची सहा सरळ उत्तरे. माझ्या मते, स्वतःविषयी लिहिण्याची याहून चांगली प्रश्नपत्रिका आजवर कोणी काढलेली नाही.

त्या जूनमध्ये ती अमेरिकेला पोहोचली, आणि २८ जून १८८३ रोजी रोझेलहून तिने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला पत्र लिहिले. त्यात तीन गोष्टी आहेत. आपण कशासाठी आलो, हे ती स्वच्छ सांगते. पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत करायची आहे. दुसरे म्हणजे निश्चय. पण "मी फार जिद्दी आहे" असे म्हणून ती थांबत नाही. आप्तमित्र आणि जात यांचा विरोध सोसून येथवर आले, हा पुरावा ती देते. आणि तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची: प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करीत नाही, हे ती लपवीत नाही. आपला प्रसंग अपवादात्मक आहे, तेव्हा उदारपणे विचार व्हावा, असे ती मागते.

प्रयोजन, पुरावा आणि उणेपणाची प्रामाणिक कबुली. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली, आणि पुढल्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात क्षयाने गेली. जे काम तिने अर्जात लिहिले ते करायला आयुष्य पुरले नाही. पण लिहिलेला शब्द खोटा नव्हता.

खताची गोणी आणि बाबांची पाळी

आता खडकीतलेच उदाहरण देते. खडकी हे कारखान्याचे गाव. येथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे वडील अशाच कामावर पाळीने जातात. रसायनशास्त्र शिकायला बाहेर जायची तिची इच्छा. एका सल्लागाराने पैसे घेऊन तिला निबंध बेतून दिला होता. त्यात अनाथाश्रमाला दिलेली भेट होती, पाणावलेले डोळे होते, जग बदलण्याची प्रतिज्ञा होती. "यातले तुझे काय?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "नाव."

मी तिला आनंदीबाईंचे सहा प्रश्न लिहून दिले आणि सांगितले, उत्तरे मराठीत लिही, इंग्रजीचे मागून पाहू.

आठवड्याने तिने चार पाने आणली. बाबा कामावरून आले की आधी अंघोळ करतात. आज काय केले, हे त्यांना विचारायचे नाही, असा घरचा शिरस्ता. जुन्नरकडे आजोळी गेले की शेताच्या बांधावर खताची गोणी. पुढे शाळेत नायट्रोजनचा धडा आला, आणि पीक वाढवणारे नायट्रोजन स्फोटकातही असते, हे तिला कळले. अमोनियम नायट्रेट तर खतही आहे आणि स्फोटकाचा घटकही. ज्या प्रश्नाला घरात उत्तर नव्हते, तो प्रश्न तिने पुस्तकाला विचारायला सुरुवात केली. आजोबांची गोणी आणि बाबांचे मौन एकाच मूलद्रव्याने जोडलेले आहे, हे तिने आपले आपण शोधले होते.

आईला ते पसंत नव्हते. घरातले बाहेर कशाला सांगायचे? वडिलांनी मात्र कागद शांतपणे वाचला. त्यात कारखान्याचे काही नाही, आपल्याच घरातले आहे, असे म्हणाले, आणि फक्त एक वाक्य खोडले. "माझे बाबा देशाचे खरे शिल्पकार आहेत" असे तिने लिहिले होते. "एवढे नको," ते म्हणाले, "मी नोकरी करतो." निबंधातले एकुलते एक उसने वाक्य त्यांनी नेमके हेरले होते.

प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मात्र पुरेशी नव्हती. मुलगी आज पुण्यातच बी.एस्सी. करते आहे. श्रम फुकट गेले, असे शेजारी म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपण रसायनशास्त्र का शिकतो, हे पहिल्याच वर्षी सांगू शकणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिले आहेत.

आईबापांसाठी

तेव्हा घरात असा अर्ज चालू असेल, तर थोडे पथ्य पाळावे. मुलाला आधी मराठीत बोलू द्यावे, लिहू द्यावे. ज्या भाषेत तो रुसतो नि हट्ट करतो, तीत खोटे लवकर उघडे पडते. मोठा विषय शोधू नये. अपघात, आजार, पारितोषिक यांवाचूनही माणूस असतो. प्रत्येक विशेषणामागे एक घडलेली गोष्ट आहे का, ते पाहावे. नसेल तर विशेषण काढावे. उणे गुण लपवू नयेत, पण त्यांचे भांडवलही करू नये. एकाने, फार तर दोघांनी वाचून पाहावे. दहा जणांनी हात फिरवलेला निबंध दहा जणांचा होतो. आणि न्यू जर्सीतल्या आतेभावाला किंवा संगणकातल्या हुशार यंत्राला तो लिहायला सांगू नये. यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर आपला म्हणून देणे ही 'कॉमन अ‍ॅप'च्या नियमांत फसवणूक ठरते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्यात मुलाची स्वतःची ओळख व्हायची राहून जाते.

परदेशी न जाणाऱ्या मुलांनाही हे सहा प्रश्न विचारायला हरकत नाही. येत्या सुट्टीत फराळ झाल्यावर एखाद्या दुपारी विचारून पाहा: तुला काय शिकायचे आहे, आणि का? उत्तर यायला वेळ लागेल. मध्येच आपण बोलू नये, एवढेच अवघड आहे.